लढाऊ विमान कसं निवडतात? १२६ विमानांची गोष्ट आणि तुमच्या संशोधनाची पद्धत

दिघी, भोसरी, विश्रांतवाडी या भागात राहणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. तुम्ही अभ्यासाला बसलेले असता, लोहगावच्या बाजूने आवाज येतो आणि खिडकीची काच थरथरते. सुखोई. सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं ते इथेच, लोहगावला. लहानपणी मी गच्चीवर पळायचे. आता पीएच.डी. करताना त्या आवाजाबरोबर एकच प्रश्न डोक्यात येतो: हेच विमान घ्यायचं, हे कोणी आणि कसं ठरवलं असेल?

माझा विषय आहे अनेक निकष असलेले निर्णय. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि इकडे वळले. पहिल्या वर्षी मी ठरवलं की भारताच्या लढाऊ विमान निवडीवरच काम करायचं. सहा विमानं, नेटवरून गोळा केलेले आकडे, वेग, पल्ला, शस्त्रं, किंमत. एएचपी नावाची पद्धत लावली, वेटेज दिले, बेरीज केली आणि पहिला नंबर आला राफेलचा. प्रत्यक्षात निवडही राफेलचीच झाली होती! मला वाटलं, झालं, मॉडेल बरोबर आहे.

समितीसमोर प्रेझेंटेशन झालं. एका मॅडमनी शांतपणे दोन प्रश्न विचारले. पहिला, "ही वेटेज कोणाची?" मी म्हटलं, "तज्ज्ञांची मतं घेतली." तज्ज्ञ म्हणजे मी आणि लॅबमधले दोन मित्र. दुसरा प्रश्न त्याहून वाईट होता. "उत्तर राफेल आलं नसतं, तर तू काय बदललं असतंस? निष्कर्ष की वेटेज?"

खरं उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसले. आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवून सिनॉप्सिस पुन्हा लिहिला. तुमच्यापैकी कोणी असाच "अमुकची निवड: एक तुलनात्मक अभ्यास" छापाचा विषय घ्यायच्या विचारात असेल, तर हे आठ महिने तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

आधी घडलं काय

२००१ मध्ये हवाई दलाने १२६ विमानांसाठी उत्पादकांकडे माहिती मागवली. प्रत्यक्ष निविदा निघाली ऑगस्ट २००७ मध्ये. या प्रकल्पाला एमएमआरसीए म्हणतात, म्हणजे मध्यम वजनाचं, अनेक कामं करणारं लढाऊ विमान. १२६ पैकी १८ विमानं तयार यायची होती आणि १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, भारतात बांधायची होती.

स्पर्धक सहा: फ्रान्सचं राफेल, चार युरोपीय देशांचं युरोफायटर टायफून, अमेरिकेची एफ-१६ आणि एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट, रशियाचं मिग-३५ आणि स्वीडनचं ग्रिपेन. २००९-१० मध्ये बंगळुरू, जैसलमेर आणि लेह इथे चाचण्या झाल्या. तपासायचे मुद्दे सहाशेहून जास्त होते. त्या काळात हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक. एप्रिल २०११ मध्ये दोनच उरले, राफेल आणि टायफून. ३१ जानेवारी २०१२ ला राफेल एल-वन, म्हणजे सर्वांत कमी किमतीचं, ठरलं.

मग वाटाघाटी तीन वर्षं चालल्या आणि अडकल्या. १० एप्रिल २०१५ ला पॅरिसमध्ये ३६ तयार विमानं घेण्याची घोषणा झाली, १२६ ची निविदा मागे घेतली गेली. २३ सप्टेंबर २०१६ ला, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. पहिली पाच विमानं २९ जुलै २०२० ला अंबाल्याला उतरली.

माहिती मागवल्यापासून पहिलं विमान उतरेपर्यंत १९ वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

मल्टीरोल म्हणजे नक्की काय?

पूर्वी कामं वाटलेली असायची. शत्रूची विमानं अडवायला एक विमान, जमिनीवर मारा करायला दुसरं, टेहळणीला तिसरं. मल्टीरोल विमान हे सगळं करतं, कधी कधी एकाच उड्डाणात. फायदा उघड आहे: सुटे भाग, प्रशिक्षण, मेंटेनन्स यांची एकच साखळी. पण प्रत्येक कामात ते सर्वोत्तम असेलच असं नाही. म्हणजे विमानाच्या डिझाइनमध्येच कोणीतरी तडजोडी करून ठेवलेल्या असतात आणि निवडणाऱ्याला त्या आपल्या गरजेशी जुळवून बघाव्या लागतात.

म्हणून "सर्वोत्तम लढाऊ विमान कोणतं?" हा संशोधनाचा प्रश्नच नाही. तो चहाच्या टपरीवरचा प्रश्न आहे. संशोधनाचा प्रश्न असा असतो: कोणासाठी, कुठे, कशासाठी, किती वर्षांसाठी?

नापास करणारा निकष आणि गुण देणारा निकष

माझी पहिली चूक इथे होती. मी सगळे निकष एकाच टोपलीत टाकले.

लेहचं उदाहरण घ्या. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंच आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० ते ७२ टक्केच असते, उन्हाळ्यात आणखी कमी. पंखाची उचल घनतेवर अवलंबून, इंजिनाचा जोरही घनतेवर अवलंबून. म्हणजे दोन्हीकडून फटका. तिथून पुरेसा भार घेऊन उडता येत नसेल, तर रडार कितीही भारी असलं तरी त्याचा उपयोग नाही. हा नापास करणारा निकष.

गोव्यातलं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. नौदलाला विमानवाहू जहाजांसाठी विमान हवं होतं. आपल्या जहाजांवर विमान कॅटापल्टने फेकलं जात नाही, पुढे वर उचललेल्या उतारावरून, म्हणजे स्की-जंपवरून उडतं. राफेलची नौदल आवृत्ती आणि सुपर हॉर्नेट दोन्ही मुळात कॅटापल्टच्या जहाजांसाठी तयार झालेली. त्यामुळे २०२२ मध्ये दोघांनाही गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर, जमिनीवर बांधलेल्या तशाच उतारावरून उडून दाखवावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एमचा करार झाला. उतारावरून उडता येतं की नाही याला दहापैकी सात गुण देऊन चालत नाही. हो किंवा नाही.

एमएमआरसीएची पद्धत मूलतः अशीच होती. आधी तांत्रिक चाचणीत पास की नापास, मग पास झालेल्यांत सर्वांत स्वस्त कोण. यात एक अडचण आहे. पास झाल्यावर जास्तीच्या गुणवत्तेला किंमत उरत नाही. काठावर पास झालेला आणि डिस्टिंक्शनवाला एकाच रांगेत. म्हणूनच २०१६ च्या संरक्षण खरेदी नियमांत, गरजेपेक्षा सरस कामगिरीला जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत श्रेय देण्याची सोय आली.

स्वित्झर्लंडने दुसरा रस्ता घेतला. चार विमानं तपासताना त्यांनी वेटेज आधीच जाहीर केलं: परिणामकारकता ५५ टक्के, देखभाल-पाठबळ २५, सहकार्य १० आणि स्थानिक उद्योगाला काम १०. जून २०२१ मध्ये एफ-३५ निवडलं, ३० वर्षांचा एकूण खर्च सुमारे १५.५ अब्ज फ्रँक धरून. पारदर्शक पद्धत, नाही का? पण २०२५ मध्ये, ठरलेली किंमत पक्की नाही, ६५ कोटी ते १.३ अब्ज फ्रँक जास्त लागू शकतात, हे त्यांच्या सरकारला सांगावं लागलं. वेटेज कितीही स्वच्छ असलं तरी आत टाकलेला आकडा डळमळीत असेल तर उत्तरही डळमळीत.

वेटेजचा खेळ: स्वतः करून बघा

आता मॅडमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तीन काल्पनिक विमानं घ्या: क, ख, ग. चार निकष, दहापैकी गुण, याच क्रमाने: कामगिरी, खर्च (स्वस्ताला जास्त गुण), स्थानिक उत्पादन, लवकर मिळणं.

क: ९, ५, ४, ६
ख: ७, ७, ६, ७
ग: ६, ६, ९, ८

पहिलं वेटेज ५०, २०, १५, १५. बेरीज: क ७.००, ख ६.८५, ग ६.७५. क जिंकलं.

आता कामगिरीचे फक्त १० टक्के काढून खर्चाला द्या: ४०, ३०, १५, १५. क ६.६०, ख ६.८५, ग ६.७५. ख जिंकलं.

तेच १० टक्के खर्चाऐवजी स्थानिक उत्पादनाला द्या: ४०, २०, २५, १५. क ६.५०, ख ६.७५, ग ७.०५. ग जिंकलं.

विमानं तीच, गुण तेच. दहा टक्के इकडचे तिकडे, आणि तीन वेगळे विजेते. तिन्ही वेटेज "योग्यच" वाटतात. मग मी माझ्या एएचपीच्या उत्तरात दशांशचिन्हापुढे चार अंक लिहिले होते, त्याला काय अर्थ होता?

आणखी एक गंमत. एएचपीमध्ये नवा पर्याय यादीत घातला, तर जुन्या दोन पर्यायांचा आपसातला क्रमही उलटू शकतो. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्येच हे दाखवलं होतं. पद्धत वापरण्याआधी तिच्यावरची टीका वाचायची असते, हे मला नंतर कळलं.

म्हणून नियम असा: एकच क्रमवारी कधीही देऊ नका. वेटेज किती हललं की विजेता बदलतो, ते शोधा. तो बदलाचा बिंदू हाच तुमचा निष्कर्ष असतो.

किंमत म्हणजे कुठली किंमत?

माझ्या मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या एका कंपनीला जॉब करून देतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी व्हीएमसी मशीन घेतलं. तीन कोटेशन आली, सर्वांत स्वस्त घेतलं. वर्षभरात स्पिंडल गेला. सुटा भाग बाहेरून यायचा होता आणि सर्व्हिस इंजिनिअर एकच. मशीन सतरा दिवस बंद. चाकणची डिलिव्हरी चुकली, पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. मामा मला म्हणाले, "अगं, कोटेशनवर मशीनची किंमत लिहिलेली असते. बंद मशीनची किंमत कोण लिहितं?"

हेच वाक्य सभ्य भाषेत सांगितलं की त्याला जीवनचक्र खर्च म्हणतात. खरेदी, इंधन, सुटे भाग, इंजिनाचं ओव्हरहॉल, प्रशिक्षण, सगळं धरून आयुष्यभराचा खर्च. एमएमआरसीएमध्ये एल-वन ठरवताना भारताने एवढ्या मोठ्या खरेदीत पहिल्यांदाच हा विचार केला. योग्यच केलं. पण यातही एक लपलेलं वेटेज आहे, डिस्काउंट रेट.

तीस वर्षांनी करायचे १०० कोटी आज किती? दर ८ टक्के धरला तर सुमारे १० कोटी. दर ४ टक्के धरला तर सुमारे ३१ कोटी. म्हणजे दर चढा धरला की भविष्यातला मेंटेनन्स किरकोळ वाटतो आणि "घ्यायला स्वस्त, सांभाळायला महाग" असं विमान जिंकतं. दर उतरवला की उलट. समितीत कोणी "मला हे विमान हवं" असं म्हणालंच नाही, तरी दर ठरवणाऱ्याने ते म्हटलेलंच असतं.

१०८ विमानांचा अडलेला हिशेब

वाटाघाटी कशावर अडकल्या? दोन मोठे मुद्दे होते. एचएएलने बांधलेल्या १०८ विमानांच्या दर्जाची आणि वेळेची जबाबदारी कोणाची? आणि ती बांधायला मनुष्यतास किती? संरक्षण मंत्रालयाने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, फ्रेंच अंदाजाच्या २.७ पट तास एचएएलला लागतील असा हिशेब होता.

इथे लगेच "आपल्याकडे कामच हळू" असं म्हणायचा मोह होतो. थांबा. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मिग-२१ पासून सुखोईपर्यंत विमानं बांधली गेली आहेत. हवाई दलाच्या सुखोईंपैकी दोनशेहून जास्त तिथली आहेत. प्रश्न आळसाचा नाही, शिकण्याच्या वेगाचा आहे.

१९३६ मध्ये टी. पी. राइट या अभियंत्याने विमान उत्पादनाचा अभ्यास करून दाखवलं की एकूण संख्या दुप्पट झाली की प्रति विमान श्रम सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात. चाकणच्या कुठल्याही असेंब्ली लाइनवर नवं मॉडेल सुरू होताना हेच दिसतं. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा घाम निघतो, सहाव्या महिन्यात हात आपोआप चालतात.

आता गणित. पहिल्या विमानाला १०० एकक तास धरा. दर दुपटीला २० टक्के घट धरली तर १०८ व्या विमानाला सुमारे २२ एकक लागतात. घट २० ऐवजी १० टक्के धरली तर सुमारे ४९. गृहीतकात एवढासा फरक, आणि शेवटच्या विमानाचे तास दुपटीहून जास्त. आता सांगा, एल-वन कोण? उत्तर निविदेत नसतं. "आपण किती लवकर शिकू" या अंदाजात असतं, आणि तो अंदाज चुकला तर पैसे कोण भरणार, या कलमात असतं.

माझ्या पहिल्या तक्त्यात "स्थानिक उत्पादन" या रकान्यात मी सरळ १०८ लिहिलं होतं आणि त्याला गुण दिले होते. जिथे सगळा व्यवहार अडला, तो मुद्दा माझ्या मॉडेलमध्ये नव्हताच.

न घेतलेल्या निर्णयाची किंमत

आता तो १९ चा आकडा. तुलनेच्या प्रत्येक तक्त्यात एक ओळ कायम राहून जाते: "काहीच न घेणं". निर्णय लांबतो तेव्हा आपण नकळत हाच पर्याय निवडत असतो आणि त्याचाही खर्च असतो.

हवाई दलाच्या लढाऊ स्क्वॉड्रनची मंजूर संख्या ४२ आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगढमध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि संख्या २९ वर आली. १९६० च्या दशकात आलेलं हे विमान इतकी वर्षं उडत राहिलं, त्यात त्याची जागा घेणाऱ्यांना झालेल्या उशिराचा मोठा वाटा आहे. तक्त्यात "उशीर" हा एक शब्द असतो. प्रत्यक्षात जुन्या विमानात बसणारा माझ्या-तुमच्या वयाचा एखादा वैमानिक असतो.

म्हणून दोन वर्षं जास्त घेऊन थोडं चांगलं विमान निवडणं नेहमी शहाणपणाचं नसतं, आणि घाईही नेहमी चूक नसते. पण हे बोलायचं तर वेळ हा निकष मॉडेलमध्ये असायला हवा. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये तो होता का? नव्हता.

मग यातून संशोधनाचा विषय कसा काढायचा?

"भारतासाठी कोणतं विमान चांगलं?" हा विषय घेऊ नका. लागणारे आकडे गोपनीय आहेत. २०१९ च्या कॅगच्या अहवालातही प्रत्यक्ष किमती झाकलेल्या होत्या, तुलना टक्केवारीत दिली होती. नेटवरच्या आकड्यांवर पीएच.डी. उभी राहत नाही. पण असे प्रश्न घेता येतात:

१. पास-नापास आणि मग स्वस्त, ही पद्धत विरुद्ध वेटेजची पद्धत: कुठल्या परिस्थितीत दोन्ही वेगळे विजेते देतात? यासाठी गोपनीय माहिती लागत नाही, सिम्युलेशन पुरतं.

२. शिकण्याच्या वेगाचा अंदाज किती चुकला तर स्थानिक उत्पादनाचा फायदा संपतो? यासाठी विमानाचा डेटा मिळणार नाही, पण आपल्याच पट्ट्यातल्या एखाद्या वाहन किंवा सुट्या भागांच्या कारखान्याचा मिळू शकतो.

३. उशिराला किंमत दिली तर जुन्या खरेदी निर्णयांचं मूल्यमापन कसं बदलतं? संसदेतली उत्तरं, स्थायी समितीचे अहवाल, कॅगचे अहवाल हे सगळं खुलं आहे. रटाळ वाटतं, पण सोनं तिथेच आहे.

मी यातला दुसरा घेतला. आता माझ्या थिसिसमध्ये एकही लढाऊ विमान नाही. स्टॉपवॉच घेऊन चाकणमधल्या एका लाइनशेजारी उभं राहायचं आणि सायकल टाइम लिहायचे. मित्र हसतात. पण "हे आकडे कोणाचे?" असं कोणी विचारलं तर आता माझ्याकडे उत्तर आहे.

तुमच्यासाठी एक काम देते. तुम्ही घेतलेला शेवटचा मोठा निर्णय आठवा. बाइक, लॅपटॉप, कॉलेज, गाइड, काहीही. निकष लिहा, वेटेज द्या, बेरीज करा. मग दहा टक्के हलवून बघा. विजेता बदलला, तर मॅडमचा दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: मी आता काय बदलणार, निष्कर्ष की वेटेज? सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी याचं प्रामाणिक उत्तर कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी शिकण्याच्या वक्ररेषेचं गणित पायरी-पायरीने बघू.